तगादेबुवांची मर्यादा

माझ्या थोरल्या दिरांना सगळे तगादेबुवा म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. हप्त्यावर फर्निचर देणाऱ्या एका दुकानात त्यांनी उभा जन्म वसुली केली. कपाट किंवा सोफा घरात येतो तेव्हा माणसं हसतमुख असतात. दोन-चार हप्ते गेले की तीच माणसं दार उघडायला वेळ लावतात, मुलांना बाहेर पाठवून सांगतात की बाबा घरी नाहीत. अशा दारांशी जाऊन उभं राहणं हे भाऊजींचं काम होतं.

वसुलीवाला म्हटलं की डोळ्यांपुढे एक आडदांड गडी येतो. भाऊजी म्हणजे नुसती काडी. शर्ट खांद्यावरून घसरायचा. दम देणं सोडाच, त्यांना चढ्या आवाजात बोलताही यायचं नाही. खुर्ची दिली तर खुर्चीवर, नाही तर पायरीवर बसायचे. घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करायचे, मुलांचा अभ्यास विचारायचे, पाणी मागायचे. पैशांचं मात्र अगदी उठताना, जणू आत्ताच आठवलं, असं काढायचे. समोरचा म्हणाला, ‘सध्या जमत नाही हो,’ की मान डोलावून, ‘बरं, उद्या येतो,’ म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी खरंच दारात हजर असायचे. लोकांच्या नाकी नऊ यायचे, पण रागावणार कशावरून? माणूस तर गोडच बोलतोय.

‘सध्या’ या शब्दावर त्यांचा फार जीव. मला एकदा समजावून सांगितलं होतं. म्हणे, नाही म्हणणारा माणूस वेगळा आणि सध्या नाही म्हणणारा वेगळा. जो सध्या म्हणाला त्याने दार अर्धं उघडलं. पुढे फक्त खेटे घालायचे. माणसाला लाज असते, ती रोज थोडी थोडी जागी करायची. मी म्हटलं, “भाऊजी, तुम्हाला पाहिलं की लोकांना लाज नाही, झोप येत असेल.” त्यावर ते मनापासून हसले होते.

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, तिला मी ताई म्हणायची. तिच्या वडिलांनी म्हणे या स्थळाला सरळ नकार दिला होता. मुलाची नोकरी काय, तर लोकांच्या दारात बसायची. पण भाऊजी त्यांच्याही दारात जाऊन बसू लागले. मुलीचं नावसुद्धा काढत नसत, नुसती सासऱ्यांच्या गुडघेदुखीची चौकशी. शेवटी म्हातारा कंटाळला आणि हो म्हणाला. “माझीसुद्धा वसुलीच केली यांनी,” असं ताई सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना लाजायची, साठी उलटल्यावरही.

आमचं घर तीन खोल्यांचं. पुढच्या दोन त्यांच्या, मागची माझी, स्वयंपाकघर सामाईक. माझे हे गेल्यापासून मी मागच्या खोलीत पडदे शिवते. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, मला आहे ते लांब राहतं आणि फोन करतं. तेव्हा आम्ही तिघं एकमेकांची होतो. भांडायचोही भरपूर, मुख्यतः मी.

ताईने पंचवीसएक वर्षं गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजायच्या खात्यात काढली. त्या खोलीत दिवसभर हवेत पांढरं काहीतरी तरंगत असे, आणि बायका तोंडाला पदर नाहीतर जुना रुमाल बांधून काम करत. कारखान्याने त्यांना शिलाईची कात्री दिली, पायपुसणी दिली, वर्षातून एकदा उशी दिली. तोंडाला बांधायला काही दिलं नाही. फुप्फुसांनी त्याचा हिशेब नंतर मागितला. आधी जिना चढताना दम लागायचा, मग वेणी घालताना, मग बोलताना.

शेवटी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. बायकांच्या कक्षात भिंतीलगतची खाट होती. भिंतीतून नळी यायची आणि तिच्या नाकाला लागायची. नळी जिथपर्यंत पोचे तिथपर्यंत तिचं जग, म्हणजे खाट आणि शेजारचं स्टूल. खिडकी रंग देताना अशी चिकटली होती की उघडत नव्हती. शेजारच्या खाटेवरची बाई रात्रंदिवस कुणाला तरी हाका मारायची, आणि जिला हाका मारायची ती कधीच येत नसे. ताई कुरकुर करणारी नव्हती. एवढंच म्हणाली, “मला घरी न्या. इथे नको.” कशाला इथे नको, ते तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण तिघांनाही कळत होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण सरळ होती. तिने भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं की बरं होणं आता नाही. पण ऑक्सिजन बनवणारं एक यंत्र मिळतं, विजेवर चालतं, भाड्याने देतात. ते घरी असेल तर त्या घरी राहू शकतील, आपल्या पलंगावर. किती दिवस ते नाही सांगता येणार. भाऊजींनी मान डोलावली आणि त्याच पावली यंत्राच्या चौकशीला गेले.

भाड्याने द्यायला यंत्र शिल्लक असलेली कंपनी एकच होती. दुसरीकडची यंत्रं आधीच गेलेली होती. काचेचं दार, आत थंडगार, टेबलामागे टाय बांधलेला माणूस. भाडं परवडण्यासारखं होतं. प्रश्न अनामतीचा होता. यंत्र महागाचं, म्हणून मोठी अनामत, आणि ती रोख घेत नाहीत. एटीएमचं कार्डही चालत नाही. क्रेडिट कार्डच हवं, तेही पेशंटच्या किंवा नवऱ्याच्या नावाचं. त्या कार्डावर तेवढी रक्कम अडवून ठेवतात, कापत नाहीत, यंत्र परत आलं की सोडून देतात. भाऊजींनी जन्मभर लोकांकडून रोख आणली होती. रोख घेतच नाहीत असा धंदा असू शकतो, हेच त्यांना खरं वाटेना. त्यांनी दोनदा विचारलं. टायवाल्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

भाऊजींकडे कार्ड होतं. दुकान बंद व्हायच्या आधी मालकाने पगार बँकेतून द्यायला सुरुवात केली, तेव्हा बँकेने ते गळ्यात मारलं होतं. त्याची मर्यादा अगदीच तोकडी, एखादा बरा पंखा येईल इतकी. भाऊजींनी ते वापरलंही क्वचितच. दुसऱ्यांची उधारी गोळा करण्यात हयात गेलेला माणूस, त्याला स्वतः उधार घ्यायची चोरी वाटायची. आता अनामतीसाठी त्या मर्यादेच्या कितीतरी पट हवं होतं.

म्हणजे मर्यादा वाढवून घ्यायची. त्यांनी ताईला तसं सांगितलं तेव्हा ती नळीतून श्वास ओढत हसली. म्हणाली, “यांची मर्यादा वाढवायची? जन्मात कधी मर्यादा सोडून वागले नाहीत हे.”

त्याच दिवशी त्यांनी स्कूटर विकली. वसुलीची स्कूटर, सीट फाटलेली. ते पैसे आणि साठवलेले थोडे, असे मिळून अनामतीएवढे झाले, वर दोन-तीन महिन्यांचं भाडंही निघालं असतं. मी म्हटलं, रोख घेत नाहीत तर विकली कशाला? ते म्हणाले, पैसे दिसले की माणसाचं मन बदलतं, आणि बँकेलाही दाखवता येतील की आपण बुडवे नाही. ते पुडकं त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि खिशाला पिन लावली. पुढे रोज ते तिथेच असायचं.

बँकेत कार्डाचं टेबल एका चष्मेवाल्या मुलीकडे होतं. चांगली होती ती, हे मी आधीच सांगून टाकते. तिने त्यांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि संगणकावर मर्यादा वाढवायची विनंती भरून दिली. उत्तर फोनवर येईल म्हणाली. भाऊजींनी तिला पैसे दाखवले, तर ती म्हणाली की पैसे दाखवून काही होत नाही काका, ते सगळं आपोआप ठरतं.

उत्तर आलं. भाऊजींना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी वाचून दाखवलं: आपली विनंती सध्या मान्य करता येत नाही. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं.

“सध्या आहे ना त्यात?”

“आहे.”

“मग झालं तर,” ते म्हणाले आणि अगदी निश्चिंत मनाने हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते परत बँकेत. चष्मेवालीने पुन्हा विनंती भरली. पुन्हा तेच उत्तर. मग त्यांनी तगाद्याचं सगळं कसब पणाला लावलं. बँक उघडायच्या आधी पायरीवर. शिपायाच्या पाठीची चौकशी. चष्मेवालीच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी. मधल्या वेळात बँकेच्या फोन नंबरावर. तिथे आधी एक ध्वनिमुद्रित बाई बोलते की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि भाऊजी तिलाही अदबीने हो म्हणायचे. मग खरी मुलगी यायची. तिला ते विचारायचे, जेवण झालं का, आणि मग फोन ठेवता ठेवता आठवल्यासारखं मर्यादेचं काढायचे. तीही बिचारी विनंती नोंदवून घ्यायची. मला हसू यायचं आणि रागही यायचा. पण खरं सांगायचं तर मलाही वाटायचं की होईल. या माणसाला कधी कुठून हात हलवत परत आलेलं मी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात भेटायची वेळ दुपारची. ताई त्यांना बघताच विचारायची, आज काय म्हणाले? ते म्हणायचे, सध्या नाही म्हणाले. मग देतील, असं ती मान हलवून सांगायची. बोलायला त्रास होत होता तरी मला सांगे, पलंग खिडकीकडे सरकवून ठेव, यंत्र उजव्या बाजूला राहील, बटण तिकडे आहे. मी पलंग सरकवला. खिडकीला नवा पडदाही शिवला. तिला पिवळा आवडायचा.

मग एक दिवस चष्मेवालीने स्वतःच त्यांना मॅनेजरकडे नेलं. त्या दिवशी मी बरोबर होते, म्हणून जे झालं ते माझ्यासमोर झालं. मॅनेजर उद्धट नव्हता, नुसता थकलेला होता. त्याने पडद्यावर बघत विचारलं, “आजोबा, तुम्हाला कुणी सांगितलं इतक्या वेळा विनंती करायला?”

भाऊजी म्हणाले, “कुणी सांगायचं? पाठपुरावा नको का करायला?”

मॅनेजरने समजावलं. प्रत्येक विनंतीची नोंद होते. शाखेतून केली, फोनवरून केली, सगळी एकाच ठिकाणी जमा होते. थोड्या दिवसांत एवढ्या विनंत्या आल्या की वर असं धरतात, की हा माणूस अडचणीत आहे. मग त्याची पत उतरते. पहिल्या विनंतीनंतर थांबून दुसरी केली असती, तर कदाचित थोडं जमलंही असतं. आता सहा महिने काहीच होणार नाही.

“अडचणीत आहे म्हणूनच तर मागतोय,” भाऊजी म्हणाले.

“म्हणूनच देता येत नाही,” मॅनेजर म्हणाला, आणि मला वाटतं बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं, कारण त्याने आमच्यासाठी चहा मागवला. आम्ही तो न पिता उठलो.

 रस्त्याने भाऊजी म्हणाले की बँकेचं काही चुकत नाही. दुकानात तेही तसंच करायचे. ज्याने तीनदा मुदत मागितली तो बुडतोय, हे ते ओळखायचे आणि मालकाला सांगायचे की याचं कपाट उचलून आणा. “मीच सांगायचो,” ते म्हणाले. “गोड बोलून यायचो आणि मागून कपाट उचलायला माणसं पाठवायचो.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, बँकेवर, कंपनीवर, त्या गाद्यांच्या कारखान्यावर. त्यांच्यावर रागावायला मात्र जागाच उरली नाही.

एवढं झाल्यावर कुणीही नाद सोडला असता. भाऊजींनी विनंत्या तेवढ्या थांबवल्या. बँकेत जायचे ते जातच राहिले. मी विचारलं, आता काय करता तिथे? म्हणाले, काही मागत नाही, नुसता बसतो, रोज समोर दिसलो तर कुणाला तरी वाटेल. मी चिडून म्हटलं, भाऊजी, लाज माणसाला वाटते, तुमची मर्यादा ठरवतो तो कुठल्या गावचा संगणक, तो तुम्हाला पायरीवर बसलेलं बघतोय का? त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यांना दुसरं काही येत नव्हतं. आणि ताईजवळ नुसतं बसून राहायची त्यांच्यात हिंमत नव्हती, हेही मला दिसत होतं. यंत्राशिवाय तिच्यासमोर जाणं त्यांना जड जायचं.

कंपनीतही ते जात होते. टायवाला आता त्यांना लांबून बघूनच मान हलवायचा.

ताई गेली ती दुपारच्या वेळी. जेवणाची ताटं उचलून झाली होती. शेजारची बाई हाका मारतच होती. ताईचे ओठ सकाळपासून काळसर दिसत होते, आणि डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेली होती. मी तिचा हात धरून बसले होते. तिने डोळे उघडून विचारलं, हे कुठे? मी म्हटलं, बँकेत गेलेत. मग मीच फोन लावला, तो लागला नाही. बँकेत ते फोन बंद ठेवायचे, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. ताई म्हणाली, “त्यांना म्हणावं, आता पुरे. इकडे या.” एवढं नीट बोलली. नंतर बोलली नाही.

भाऊजी नेहमीच्या वेळेला आले. केस पाणी लावून बसवलेले, खिशाला पिन. नळी काढलेली होती. ते खाटेपाशी उभे राहिले आणि मला विचारलं, घरी नेता येईल ना आता? मी हो म्हटलं. आता कशाचीच अनामत लागत नव्हती.

पुढचे दिवस काय सांगायचे. ते पिवळ्या पडद्याच्या खिडकीशी, तिच्या पलंगाच्या कडेवर बसून असायचे. कुणी भेटायला आलं तर उठून पाणी आणायचे. मी शिलाईची मशीन बंद ठेवली होती, मग तेच म्हणाले, चालू कर, घरात काहीतरी आवाज असू दे.

महिन्याभराने त्यांनी कार्ड काढलं आणि म्हणाले की हे बंद करून टाकू, नको ते घरात. एकटं जायला धजावत नव्हते, म्हणून मी बरोबर गेले. शिपाई उठून उभा राहिला. चष्मेवालीने त्यांना बघितलं आणि काय झालं असेल ते तिला कळलं. ती हळू आवाजात दोन शब्द बोलली. तिने कार्ड घेतलं, कात्रीने कापायच्या आधी संगणकात काही बघू लागली, आणि बघता बघता, काहीतरी बोलायचं म्हणून बोलावं तसं, तिने विचारलं, “काका, ती अनामत तुम्ही रोख भरणार होतात, असं म्हणाला होतात ना एकदा?”

“होती की रोख. अनामतीहून जास्तच होती.”

“मग कार्डाच्या खात्यात आगाऊ भरायची होती. लोक करतात तसं. मर्यादेच्या वर जितके भरले तितके वापरता येतात.”

भाऊजींनी थोडं पुढे वाकून विचारलं, “त्याला परवानगी कुणाची लागते?”

“कुणाचीच नाही. आपलेच पैसे ना.”

“दिवस किती लागतात?”

“दिवस नाही लागत, त्याच दिवशी...” आणि इथे ती थांबली. आपण काय बोलतोय ते तिला आत्ता उमगलं. चेहरा पांढराफटक पडला.

मी तिच्यावर ओरडले. सगळी बँक वळून बघत होती, तरी ओरडले. हे तू आधी का नाही सांगितलंस, तुझ्यासमोर रोज बसत होते ते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “ते मर्यादा वाढवायची म्हणायचे. मी तेच भरत गेले.”

ती खोटं बोलत नव्हती. त्यांनी दर वेळी तेच मागितलं होतं, फोनवरच्या मुलींकडे, मॅनेजरकडे, तिच्याकडे. मागणं हेच त्यांचं काम, लोकांच्या दारात बसून मागणं आणि मिळेपर्यंत मागत राहणं. आपण उठून पैसे भरायच्या खिडकीशी जावं आणि पैसे भरून टाकावेत, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मॅनेजरने विचारलं नाही, टायवाल्याने सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

भाऊजींनी तिला रागावून एक शब्दही म्हटला नाही. उलट, आईचा डोळा बरा आहे का, असं विचारलं.  बाहेर आल्यावर ते बँकेच्या पायरीवर बसले, मी शेजारी बसले. लोक आमच्या बाजूने वर जात होते, खाली येत होते. त्यांनी शर्टाच्या आत हात घातला, नुसतं चाचपून पाहिलं, आणि हात तसाच ठेवून म्हणाले, “ती विचारायची, आज काय म्हणाले. आणि पैसे इथेच होते गं. रोज इथे बसलो होतो, आणि पैसे माझ्या खिशात होते.”